गडग्यापलीकडचे ठिपके

स्क्रीनवर दोन चित्रं एकावर एक बसली. माऊसवरचा माझा हात मांडीवर आला तो आलाच. मागे सर उभे होते. "जरा मोठं कर," ते म्हणाले. मला ऐकू आलं होतं, पण हात उचलवेना. शेवटी त्यांनीच वाकून चित्र मोठं केलं.

एप्रिल संपत आलेला, बुधवार, रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता. शनिवारी मला पुण्याला जाऊन शास्त्रज्ञांपुढे सांगायचं होतं की एका सर्पिल दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या भोवऱ्यात, तारे जन्माला यायचे नेमके कुठे थांबतात. ती हद्द मी शोधली होती. माझ्या आलेखात ती भिंतीसारखी उभी होती. त्या कामावर मला पुण्याच्या संस्थेत संशोधनाची जागा मिळण्याची आशा होती, माझ्यापेक्षा जास्त सरांना. आणि आता त्या भिंतीच्या पलीकडे, जिथे मी शून्य लिहिलं होतं, तिथे निळे ठिपके होते. एक-दोन नव्हेत. रांगेने.

हे असं कसं झालं ते सांगायचं तर आंब्यापासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव हातखंब्यापासून आत. वडील मुंबईला नोकरीला, आई हंगामात दुसऱ्याच्या बागेत पेट्या भरायला. पेटी भरणं हे बाहेरच्या माणसाला सोपं काम वाटतं. देठासकट उतरवलेला आंबा आईसमोर येतो. ती तो उचलते, मनगट एकदा फिरवते आणि ठेवून देते. अंगाने गोल, खांदे भरलेले, डाग नाही, तो पेटीत. बारका, वाकडा, ठिपका पडलेला, तो कॅनिंगला, म्हणजे रस काढणाऱ्या कारखान्याकडे जायच्या ढिगात. तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत आंबा जागेवर गेलेला असतो. "विचार करायचा नाय," ती म्हणते. "विचार केला की हात अडतो." मी सात-आठ वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसून हे शिकले. मलाही हात अडू द्यायचा नाही हे चांगलं जमतं.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी पदवी घेतली, मग भौतिकशास्त्रात एम.एस्सी.ला बसले. हे मी मिरवते. मिरवू नये असं शिकलेली माणसं सांगतात, पण त्यांच्या घरात ते दोन पिढ्यांपूर्वीच मिरवून झालेलं असतं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. मोठमोठ्या दुर्बिणींची जुनी चित्रं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. सरांनी मला एक सर्पिल दीर्घिका दिली, अगदी समोरून दिसणारी, ताटात वाढल्यासारखी. चित्र साधं नव्हतं. जिथे मोठे, तापलेले तारे नुकतेच जन्मलेले असतात तिथला हायड्रोजन वायू लाल उजळतो, आणि तेवढाच लाल उजेड टिपणारं ते चित्र होतं. म्हणजे त्यातला प्रत्येक ठिपका एक बाळंतिणीची खोली. मधल्या भागात खोल्यांची दाटी. मधून बाहेर वळत गेलेल्या भुजांवर त्या माळेसारख्या ओवलेल्या, दोन भुजांच्या मध्ये तुरळक. मला करायचं होतं ते एवढंच: कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी त्या चकतीची वर्तुळं पाडायची, आणि मधल्यापासून बाहेरच्यापर्यंत प्रत्येक वर्तुळात ठिपके किती, केवढे, किती तेजाचे, ते बघायचं.

ठिपके शोधायला प्रोग्रॅम होता. पण प्रोग्रॅम भाबडा असतो. चित्रातला ओरखडाही त्याला ठिपकाच वाटतो. मधे आडवे येणारे आपल्याच आकाशगंगेतले तारेही तो धरतो. सर म्हणाले, "एकेक ठिपका डोळ्यांनी तपास. खोटे काढून टाक."

"कशावरून ठरवायचं, सर?"

"आधी सगळे बघून घे. मग बसून नियम लिहू."

ते बसणं झालंच नाही. परीक्षांचे पेपर आले, सरांना तपासणीला जावं लागलं, आणि इकडे बागेत फळ तयार झालं. आईला हात कमी पडत होते. मी कॉलेजचा लॅपटॉप घेऊन घरी गेले आणि रोज सकाळी तिच्याबरोबर बागेतल्या शेडमध्ये बसू लागले. दोन रिकाम्या पेट्या उलट्या ठेवून त्यावर लॅपटॉप. तासभर आंबे, तासभर ठिपके. त्या लॅपटॉपच्या कोपऱ्यावर आंब्याच्या चिकाचा काळा डाग अजून आहे. कॉलेजने तो परत घेताना बघितला नाही, मीही दाखवला नाही.

शेडमधल्या बायकांना माझी फार मजा वाटायची.

"काय गो, तुझी पोर काय आभाळातलं आंबं निवडते?" समोरची मावशी आईला विचारायची.

"होय तर. तुझ्यापेक्षा भराभर निवडते," आई मान वर न करता म्हणायची.

"मग पेटी कुणाला धाडणार?"

"पुण्याला."

कधी आई स्वतःच वाकून स्क्रीनकडे बघायची. एखादा कडेचा, मळकट, धड आकार नसलेला ठिपका आला की म्हणायची, "हा गेला कॅनिंगला." मी हसायचे आणि बटण दाबायचे. ठिपका कॅनिंगला जायचा. खोटं सांगत नाही, त्या लॅपटॉपमध्ये दोन फायली होत्या आणि त्यांची नावंच मी ती ठेवली होती: 'पेटी' आणि 'कॅनिंग'. आमच्याकडे नापास फळ फेकून देत नाहीत, त्याचा रस होतो. म्हणून मी काढलेले ठिपकेही पुसले नाहीत, वेगळ्या ढिगात टाकले. त्या वेळी याला मी व्यवस्थितपणा समजत होते.

दोन आठवड्यांत हजारावर ठिपके निवडून झाले. आलेख काढला. मधून बाहेर येताना ठिपक्यांची संख्या हळूहळू उतरत होती आणि मग एका वर्तुळानंतर एकदम शून्य. त्या पलीकडे काहीच नाही. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून तो आलेख दोन वेळा बघितला. पुस्तकात असंच काहीसं दिलेलं होतं: ठराविक अंतराच्या बाहेर वायू इतका विरळ होतो की तारे घडणं थांबतं. "तुझी कड तर पुस्तकापेक्षा स्वच्छ आलीय," ते म्हणाले. त्यांनी कामाचा सारांश पुण्याच्या संस्थेला पाठवला, आणि पुण्याने मला बोलावलं.

घरी आईला कसं समजावणार? मी सांगितलं, "आपल्याकडे जमिनीला गडगा असतो ना, तसा ताऱ्यांच्या जन्माला गडगा आहे. त्याच्या आत तारे होतात, बाहेर होत नाहीत. तो कुठे आहे ते मी शोधलं." गडगा म्हणजे जांभ्या दगडांचा रचलेला बांध. आमच्या गावात गडगा हातभर सरकला तर भाऊ भावाशी बोलत नाही. आईला ती गोष्ट फार आवडली. दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला ठाऊक होतं की आमच्या पोरीने आभाळातला गडगा शोधला. वडिलांनी मुंबईहून फोन करून विचारलं, "नक्की मोजलंस ना गो? उद्या कोण विचारील." मी म्हटलं, "नक्की."

आणि मग पुण्याहून एका ओळीची मेल आली. अतिनील प्रकाशातल्या चित्राशी ताडून बघितलं आहे का, एवढंच विचारलेलं. तरुण तारे अतिनील प्रकाशात चमकतात. लाल उजेड लवकर विझतो, हा जास्त काळ टिकतो, आणि त्याचं चित्र टिपणारी दुर्बीण वेगळी. सर म्हणाले, "सहज विचारलंय, बघून टाकू." त्या बुधवारी आम्ही ते चित्र उतरवलं, त्याला निळा रंग दिला आणि माझ्या लाल चित्रावर ठेवलं.

दीर्घिकेच्या दोन भुजा माझ्या गडग्याशी संपत नव्हत्या. निळ्या रंगात त्या पुढे जात होत्या, बारीक, तुटक, पण त्याच वळणाने. तिथे सगळीकडे ठिपके होते.

सरांनी माझ्या शून्याच्या जागेवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "या जागी लाल चित्रात प्रोग्रॅमला काहीच सापडलं नव्हतं?"

खोटं बोलायला जागा होती. "नव्हतं" म्हटलं असतं तर त्या क्षणी ते त्यांनी मानलं असतं.

"सापडलं होतं, सर."

"मग?"

"मी काढले."

मी 'कॅनिंग' उघडली. त्यातले ठिपके पिवळ्या रंगात निळ्यांवर टाकले. टाकताना मला वाटत होतं की कुठेतरी इकडेतिकडे पडतील. ते निळ्यांवर जाऊन बसले. सगळे नाही, त्यात खरोखरचा कचराही होता. पण एकामागून एक पिवळा ठिपका निळ्या ठिपक्यात शिरताना मी बघत होते. वायू इतका विरळ, काळोख इतका, तरी तिथे तारे जन्मत होते, आणि मी त्यांना दोन आठवडे, सकाळी नऊ ते एक, हसत हसत ढिगात टाकत होते.

"कोणत्या नियमाने काढलेस?" सरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी सांगायला गेले  आणि माझा उजवा हात मांडीवरून उठला, हवेत काहीतरी धरल्यासारखी बोटं वाकली आणि मनगट एकदा फिरलं. सरांना काही कळलं नाही. मला कळलं. मला त्या दिवशी सगळ्यात मोठा धक्का बसला तो चित्राचा नाही, माझ्या हाताचा.

दुसरा धक्का तासाभराने. सरांनी 'पेटी' तपासायला घेतली. आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांची यादी असते. ती लावून आम्ही आडवे येणारे तारे आधी काढले होते, पण मधल्या दाटीत ती नीट लागली नव्हती. आता सरांनी एकेक ताडून बघितला. माझे सगळ्यात देखणे ठिपके, गोल, रेखीव, ज्यांच्याकडे बघून आई "हा देवगडचा म्हणून खपेल" म्हणाली होती, त्यातले कितीतरी दीर्घिकेतले नव्हतेच. ते अलीकडचे तारे होते. तारा एक बिंदू असतो, म्हणून तो गोल दिसतो. जिथे तारे जन्मतात तो वायूचा ढग वेडावाकडाच असतो.

हापूस बाहेरून सोन्यासारखा असतो, आणि कापला की आत पांढरा, बेचव साका निघतो. निवडताना तो दिसत नाही. माझी पेटी साक्याने भरलेली होती.

"माझंही चुकलं," सर म्हणाले. "आलेख पुस्तकाशी जुळला आणि मी तुझ्या फायली उघडून बघितल्या नाहीत." मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. "शनिवारचं काय ते तू ठरव. नाव मागे घेतलंस तरी चालेल. पण मेल तू लिहायची. तुझ्या हाताने."

एस.टी.त बसले तेव्हा डोक्यात एकच चाललेलं: शेडमध्ये बसले नसते तर हे झालं नसतं. म्हणजे आईमुळे झालं. हातखंबा आला, उतरणारे उतरले, माझं तेच चालू. शिकल्याचा हाच एक तोटा आहे, स्वतःच्या चुकीला कारण शोधायला बुद्धी जास्त चालते. नियम लिहायचा राहिला होता तो माझा. मला सरांनी शेडमध्ये बसायला सांगितलं नव्हतं, आणि आईने बटण दाबलं नव्हतं.

घरी आई मासळी साफ करत होती. तिला सांगितलं. सगळं, हाताचंही. ती कोयता तसाच धरून बसली.

"म्हंजे मी कॅनिंग म्हटलं तेंव्हा तू खरंच टाकलंस?"

"टाकलं."

"अगो, मी थट्टा करत होते."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं तर टाकलंस कशाला?"

 तिने कोयता खाली ठेवला. मग तिने विचारलं, "आंबा असा निवडतात तो कशासाठी? गिऱ्हाईकाला आवडावा म्हणून. वाकडा आंबा काय गोड नसतो? पण गिऱ्हाईक घेत नाय. तुझं गिऱ्हाईक कोण होतं?"

याचं उत्तर मला बुधवारी देता आलं नाही. आज देता येईल. माझं गिऱ्हाईक ते पुस्तक होतं. बाहेर काही नसतं असं त्यात लिहिलेलं, आणि मी बाहेरचा ठिपका हातात घेण्याआधीच तो बारका ठरवलेला. आत, भुजेवर, तेवढ्याच तेजाचा ठिपका आला तर मी ठेवलेला होता. चार चांगल्यांच्या संगतीत होता म्हणून. एकटा होता तो गेला.

"आणि तो गडगा?" आईने विचारलं.

"गडगा नाहीये."

"मी साऱ्या शेडला सांगितलंय."

"मला माहीत आहे."

तिने मासळीवर पाणी ओतलं. "तू पुण्याचं बघ. शेडचं मी बघते."

मेल लिहायला मला जेवणापर्यंतचा वेळ लागला. त्यात चारच वाक्यं होती. माझा निष्कर्ष चुकीचा आहे. चूक निवडीत आहे आणि ती माझी आहे. काढलेले ठिपके माझ्याकडे आहेत. तरीही बोलवत असाल तर येईन.  सकाळी उत्तर आलं, "या."

गुरुवारी आणि शुक्रवारी मी प्रयोगशाळेतच होते. आधी कागदावर नियम लिहिला आणि सरांची त्यावर सही घेतली. आजूबाजूच्या काळोखापेक्षा ठिपका ठराविक पट तेजस्वी आहे का, एवढंच बघायचं. आकार बघायचा नाही, जागा बघायची नाही, संगत बघायची नाही. ताऱ्यांची यादी आत-बाहेर सारख्याच काटेकोरपणे लावायची. आणि निवड प्रोग्रॅमने करायची, चित्र न उघडता. 'पेटी' आणि 'कॅनिंग' एकत्र ओतल्या आणि पहिल्यापासून चाळल्या.

भिंत गेली. तिच्या जागी उतार आला. मधे दाटी, मोठे, एकमेकांत मिसळलेले ठिपके. बाहेर येताना ते विरळ, बारके, मंद होत गेलेले. माझ्या शून्याच्या पलीकडे आणखी विरळ, पण होते, आणि भुजांची ओढ धरून होते. कुठे संपतात ते मला सांगता येत नव्हतं, कारण माझं चित्रच तिथे संपत होतं.

शुक्रवारी दुपारी आईचा फोन आला. मागे शेडचा गलका. "सांगितलं गो," ती म्हणाली. "म्हटलं, पोरीने मोजणी परत केली, गडगा नाय तिथं."

मागून मावशीचा आवाज आला, "मोजणीवाला बदलला काय?"

"मोजणीवाली तीच," आई तिकडे म्हणाली. "हात बदलला." मग मला म्हणाली, "ह्या हसतायत. हसूं देत. तू जेवलीस?"

शनिवारी पुण्यात मी जुना आलेख आधी दाखवला. ही माझी चूक, असं म्हटलं, आणि मग नवा लावला.  सरांनी सांगितलं होतं, क्षमा मागत बसू नको, काय केलंस ते सांग. तसंच केलं. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पडद्यावरचं नाव वाचून विचारलं, "तुमच्या फायलीचं नाव कॅनिंग का आहे?"

मी सांगितलं. आंबा कसा उचलतात, मनगट कसं फिरतं, बारका कुठे जातो, सगळं. लोक हसले. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, "फाइल पुसून टाकली असती तर?"

"तर मी आज इथे गडगा दाखवत असते," मी म्हटलं. गडगा म्हणजे काय ते मग वेगळं सांगावं लागलं.

जागा मला त्या वर्षी मिळाली नाही. पत्रात लिहिलं होतं की हाच नियम आणखी काही दीर्घिकांना लावून बघा आणि पुन्हा अर्ज करा. मी तेच करते आहे. तीन झाल्या. त्यातल्या एकीत कड खरोखरच आहे, आणि ती कड आल्यावर मी आनंदाने नाचले नाही. चार दिवस चूक शोधत बसले.

नवं चित्र उघडलं की आजही तसंच होतं. पहिला वाकडा ठिपका दिसतो आणि उजवं मनगट माझ्या नकळत फिरतं. इतक्या वर्षांची सवय आहे, ती जायची नाही. मी चित्र बंद करते, उजवा हात मांडीखाली दाबून ठेवते, आणि डाव्या हाताने, अक्षर वाईट येतं तरी, आधी कागदावर नियम लिहून घेते.